येर, ईर, डा, जोप्पो: नागपूरभोवतीच्या भाषा आणि माणसं

‘पाणी’ हा एक शब्द घ्या. नागपुरात तो पाणीच. गडचिरोलीच्या गोंड घरात त्याला येर म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, ईर. मेळघाटातली कोरकू बाई डा म्हणते. आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या निहाल माणसाच्या भाषेत पाणी म्हणजे जोप्पो.

ही सगळी ठिकाणं एका विदर्भातली आहेत. तरी हे पाच शब्द एका भाषेच्या पाच बोलींमधले नाहीत. पाणी इंडो-आर्य कुळातलं. येर आणि ईर द्राविडी कुळातल्या दोन वेगळ्या भाषांमधले. डा हा मुंडा भाषांचा शब्द, म्हणजे ज्या कुळात संथाली आणि मुंडारी येतात त्याचा. जोप्पोला तर जगात कुठेच नातेवाईक सापडलेला नाही. एवढ्या लहान भूभागात तीन भाषाकुळं आणि शिवाय एक एकटी भाषा, असं देशात फार कमी ठिकाणी आढळतं.

बोलताना मात्र आपण या सगळ्यांना सरसकट ‘आदिवासी बोली’ म्हणून मोकळे होतो. त्यातून होणारा गोंधळ शाळेत दिसतो, जनगणनेत दिसतो आणि कार्यालयातल्या कागदावरही दिसतो. तो टाळायचा तर आधी एक फरक पक्का करून घ्यायला हवा. वऱ्हाडी ही मराठीची बोली आहे, कारण ती मराठीचंच एक रूप आहे. गोंडी मराठीची बोली नाही, हिंदीचीही नाही. ती तेलुगूची नातेवाईक असलेली स्वतंत्र भाषा आहे. लिपी नाही म्हणून बोली आणि पुस्तकं छापली म्हणून भाषा, हा हिशेब चुकीचा आहे. तसा तो धरला तरी गोंडी त्यात बसते: बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली, तर तेलंगणात आदिलाबादकडच्या गुंजाळा गावात आणखी एका जुन्या गोंडी लिपीतली हस्तलिखितं मिळाली. युनिकोडमध्ये पहिली 2017 मध्ये आणि दुसरी 2018 मध्ये आली, त्यामुळे आज दोन्ही लिप्या संगणकावर लिहिता येतात.

जमीन बदलते तशी भाषा बदलते

नागपूर दख्खनच्या पठाराच्या ईशान्य कडेवर आहे. शहराच्या पश्चिमेला सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा खडक आणि त्यावरची काळी माती: कापूस, ज्वारी, संत्री. पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक, तलाव, धान आणि पुढे वैनगंगेपलीकडचं जंगल. उत्तरेला सातपुडा. काळ्या मातीचा मोकळा मुलूख नांगराखाली लवकर आला, तिथून रस्ते आणि बाजार गेले, आणि तिथे मराठी पसरली. मराठीतलं सुरुवातीचं मोठं गद्य, महानुभावांचं लीळाचरित्र, तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लिहिलं गेलं, ते याच पट्ट्यात. डोंगर आणि दाट जंगलात गोंडी, कोरकू, कोलामी टिकल्या. हा नियम काटेकोर नाही, पण नकाशा समोर ठेवून पाहिलं तर बराच जुळतो.

ज्यांची भाषा आज जंगलाच्या कडेला गेली आहे, त्यांचीच इथे राजवट होती, हेही ध्यानात ठेवावं. नागपूर शहर वसवलं ते छिंदवाड्याकडच्या देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. चांदा, देवगड, खेरला, गढा-मंडला ही गोंडांची राज्यं होती. त्यानंतर भोसले आले. 1853 मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि 1861 मध्ये मध्य प्रांत करून नागपूर त्याची राजधानी केली. 1903 मध्ये वऱ्हाड त्याला जोडला गेला. या प्रांतात मराठी आणि हिंदी शेजारी शेजारी नांदल्या, गोंडीला मात्र दफ्तरात जागा मिळाली नाही. 1956 च्या भाषावार रचनेत नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात आले, आणि गोंडी बोलणारी माणसं मध्य प्रदेश, महाराष्ट्र, आंध्र, ओडिशा अशी वाटली गेली. आज त्यात छत्तीसगड आणि तेलंगणाची भर आहे. भाषांच्या हद्दींवरून राज्यं आखताना या एका भाषेचे तुकडे झाले. तिची मुलं कुठे हिंदीत शिकली, कुठे मराठीत, कुठे तेलुगूत, कुठे ओडियात. नवीन वस्तूंची नावं जो तो आपापल्या शाळेच्या भाषेतून घेत गेला. गोंडीचा एकच शब्दकोश करायला बसलं की अडचण इथे येते. ‘झाड’ आणि ‘हात’ यांवर फारसा वाद होत नाही. ‘परीक्षा’, ‘अर्ज’, ‘दवाखाना’ यांवर होतो.

कुळ ओळखायचं कसं

दोन भाषांमध्ये सारखे शब्द सापडले म्हणून त्या नात्यातल्या ठरत नाहीत. शब्द उसने घेता येतात, आणि बाजारात तर रोजच घेतले जातात. किलो, रुपया, साबण, तिकीट, शाळा हे शब्द गोंडीतही आहेत आणि कोरकूतही. म्हणून तपासायला असे शब्द घ्यावेत जे सहसा उसने घेतले जात नाहीत: शरीराचे अवयव, पाणी, आग, घर, मी-तू-आम्ही, येणं-जाणं-खाणं, आणि लहान आकडे.

गोंडीत मोजताना उंदी, रंड, मुंड, नालुंग असं जातात. तेलुगूत दोन म्हणजे रेंडु, तीन मूडु, चार नालुगु. तमिळमध्ये तीन मूंड्रु. नातं कानाला ऐकू येतं. सातच्या पुढे मात्र बऱ्याच गावांत मराठी किंवा हिंदी आकडे सुरू होतात. म्हणून फक्त आठ-नऊ-दहा विचारून गोंडीबद्दल मत बनवलं तर ते चुकतं. कोरकूत सहा म्हणजे तुरुई आणि दहा म्हणजे गेल. झारखंडमधली संथालीही सहाला तुरुई आणि दहाला गेल म्हणते. मधे कित्येक जिल्ह्यांचा हिंदी-गोंडी मुलूख आहे, तरी आकडे जसेच्या तसे राहिले.

आकड्यांपेक्षाही भरवशाचं असतं ते व्याकरण. शब्द बदलतात, वाक्य बांधायची सवय फार हळू बदलते. नागपूर भागात कोणती भाषा ऐकू येते आहे हे ठरवायला दोन प्रश्न बरंच काम करतात.

पहिला प्रश्न: ‘तो आला, ती आली, गाय आली, गाडी आली’ ही चार वाक्यं तुमच्या भाषेत कशी म्हणता? मराठीत क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं, आणि निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं. गोंडीत पुरुष एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या बाजूला. तो आला म्हणजे वातोर. ती आली, गाय आली, गाडी आली, तिन्हींना वाता. बाई आणि गाडी एका वर्गात बसवल्या म्हणून गोंडीला कमी लेखायचं कारण नाही. तेलुगूतही एकवचनात जवळपास अशीच व्यवस्था आहे. उत्तरात ही विभागणी दिसली तर भाषा द्राविडी असण्याची शक्यता दाट. कोरकूत पुरुष-स्त्री हा भेद मुळात महत्त्वाचा नाही. तिथे सजीव आणि निर्जीव अशी फाळणी आहे.

दुसरा प्रश्न: ‘आपण दोघं’ आणि ‘आपण सगळे’ यांना वेगळे शब्द आहेत का? कोरकूत एकवचन आणि अनेकवचन यांच्यामध्ये द्विवचन आहे. कोन म्हणजे मुलगा, कोनकिञ म्हणजे दोन मुलगे, कोनकू म्हणजे पुष्कळ मुलगे. शिवाय ‘तू आणि मी’, ‘मी आणि तो, पण तू नाही’, ‘तुझ्यासकट आपण सगळे’, ‘तुला सोडून आम्ही सगळे’ यांना चार वेगळे शब्द आहेत. हे मिळालं की समजावं, मुंडा कुळ.

यातला निम्मा भेद मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, कारण आपल्याकडे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेतच. ‘आपण जाऊ’ म्हटलं की ऐकणारा धरला, ‘आम्ही जाऊ’ म्हटलं की सोडला. हिंदीच्या ‘हम’मध्ये हे होत नाही. हा भेद द्राविडी भाषांमध्ये पक्का आहे, आणि मराठीत तो दक्षिणेच्या शेजारातून रुजला असावा असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘येतो म्हणून सांगितलं’ यातलं ‘म्हणून’ही तसंच: तेलुगूचं ‘अनि’ हेच काम करतं. नागपुरी हिंदीत ‘आता हूं करके बोला’ असं ऐकू येतं, तेव्हा हीच बांधणी हिंदीत उतरलेली असते. दिल्लीकडच्या माणसाला ते चुकीचं वाटतं. इथल्या मातीत ते सहज उगवलेलं आहे.

शेजार वेगळा, नातं वेगळं

गोंड आणि कोलाम पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव, राजुरा या भागात शेजारी राहतात. दोन्ही भाषा द्राविडी. त्यामुळे कोलामी म्हणजे गोंडीचीच एक तऱ्हा असं पुष्कळांना वाटतं. पण गोंडी द्राविडीच्या दक्षिण-मध्य शाखेत आहे, तेलुगूबरोबर. कोलामी मध्य शाखेत. म्हणजे चंद्रपूरच्या गोंडाची भाषा शेजारच्या पोडावरल्या कोलामापेक्षा विशाखापट्टणमच्या तेलुगूला नात्याने जवळची. गोंडीत घर म्हणजे रोन, कोलामीत एल्ला, तेलुगूत इल्लु. आता हा एक शब्द पाहून कुणी कोलामीलाच तेलुगूची बहीण ठरवील. म्हणूनच एकट्या शब्दावर निकाल देऊ नये. सगळी यादी आणि व्याकरण मिळून शाखा ठरते. कोलामीचं सविस्तर व्याकरण भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी 1955 मध्ये प्रसिद्ध केलं, आणि त्यासाठी त्यांनी घेतलेली बोली वर्ध्याकडची होती.

गोंडीही एकसंध नाही. बैतुल-छिंदवाड्याची गोंडी, आदिलाबादची गोंडी आणि भामरागडची माडिया ही एका साखळीतली कडी आहेत. शेजारच्या गावाचं समजतं, त्याच्या पुढच्याचं थोडं कमी, आणि साखळीच्या दोन टोकांचे लोक समोरासमोर आले तर हिंदी-मराठीचा आधार घ्यावा लागतो. गोंदिया जिल्ह्यात सालेकसाजवळच्या कचारगडला माघ पौर्णिमेला निरनिराळ्या राज्यांतले गोंड जमतात. एकाच दिवसात या साखळीच्या अनेक कड्या कानावर पडाव्यात अशी दुसरी जागा मिळणं कठीण.

हलबीची गोष्ट निराळी. गडचिरोलीच्या पूर्व भागात आणि बस्तरमध्ये ती बोलली जाते. ती इंडो-आर्य भाषा आहे, पण तिच्यात मराठी, छत्तीसगढी आणि ओडिया या तिन्हींच्या खुणा आहेत. ग्रियर्सन या ब्रिटिश काळातल्या अभ्यासकाने भारताच्या भाषिक सर्वेक्षणात तिला मराठीच्या खंडात घातलं, इतरांना ते पटलं नाही. बस्तरच्या आठवडी बाजारात दोन वेगळ्या भाषांची माणसं एकमेकांशी हलबीतून बोलतात. 2011 च्या जनगणनेत हलबीची नोंद सुमारे 7 लाख 66 हजार आहे. भंडारा-गोंदियाची पोवारी आणि यवतमाळ-वाशीमची बंजारा गोरबोली याही इंडो-आर्यच, आणि जनगणना दोघींनाही हिंदीच्या पोटात मोजते.

आपली वऱ्हाडी-नागपुरी मराठी तर रोज कानावर असते. मला-तुला ऐवजी मले-तुले. डोळा, जवळ, सकाळ यांचं डोया, जवय, सकाय. ‘काय करतोयस’ ऐवजी ‘काय करून राहिला’. ही अशुद्ध मराठी नव्हे. ळ चा य सगळीकडे एकाच नियमाने होतो, आणि ‘-ले’ हा प्रत्यय खानदेशातल्या अहिराणीतही आहे. जिथे नियम आहे तिथे चूक म्हणायला जागा उरत नाही.

निहाली

जोप्पो ज्या भाषेतला, त्या निहालीसाठी थोडं थांबायला हवं. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास. या लोकांना कोरकू, मराठी, हिंदी यांपैकी एकदोन भाषा येतातच. 1962 मध्ये कायपर या डच अभ्यासकाने निहालीच्या शब्दांची तपासणी प्रसिद्ध केली. एक-तृतीयांशाहून जास्त शब्द कोरकूतून आलेले, काही द्राविडी, काही मराठी-हिंदी. हे सगळं वजा केल्यावर सुमारे चौथा हिस्सा उरतो, आणि त्याचा कुठल्याच ज्ञात भाषेशी मेळ बसत नाही. जोप्पो त्यातलाच. आकड्यांत तर सगळे थर एकावर एक दिसतात: एक म्हणजे बिडुम, हा निहालीचा स्वतःचा. दोन, तीन, चार म्हणजे इरार, मोथो, नालो, हे द्राविडी. पाचपासून पुढे आर्य भाषांचे. काहींनी ही मुद्दाम बनवलेली गुप्त भाषा असावी असंही सुचवलं. पण पाणी, अवयव, एक अशा मुळातल्या जागी बसलेले अनोळखी शब्द पाहता, आजची सगळी कुळं इथे येण्याआधीच्या एखाद्या भाषेचा हा उरलेला अंश असण्याची शक्यता अधिक वाटते. ती तपासायला लागणारी माणसं वयस्कर आहेत. हे काम पुढच्या पिढीवर सोडता येणार नाही.

नाव, आडनाव आणि भाषा

आडनावावरून भाषा ठरवायची सवय नागपुरात फार आहे. काही गोंड आडनावांत गोंडी शब्द खरोखर आहेत: मरकाम मधला मरका म्हणजे आंबा, टेकाम मधला टेका म्हणजे साग. पण आडनाव भाषेहून जास्त टिकाऊ असतं. भाषा गेल्यावरही ते राहतं. शिवाय मेश्राम हे आडनाव गोंडांमध्येही आहे आणि बौद्ध समाजातही. परधान हे गोंडांचे परंपरेने गाणारे, बाना हे तंतुवाद्य वाजवून कुळकथा सांगणारे. विदर्भातल्या पुष्कळ परधानांच्या घरची भाषा मराठी आहे, तरी गोंडांची गाणी त्यांच्या मुखी राहिली. नागपूरला 1845 मध्ये आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांच्या कथांमधला आदिपुरुष लिंगो, त्याचं मोठं गोंडी गाणं परधानाच्याच तोंडून उतरवून घेतलं. 1863 मध्ये हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडाले. त्यांची टिपणं मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापली. तेव्हा हे झालं नसतं तर त्या काळच्या गोंडीचा एवढा मोठा नमुना आज हाती नसता.

गोंड लोकांची संख्या 1 कोटीच्या वर आहे. 2011 मध्ये गोंडी ही मातृभाषा म्हणून नोंदली गेली ती सुमारे 29 लाख 84 हजार लोकांची. कोरकू सुमारे 7 लाख 27 हजार, कोलामी सुमारे 1 लाख 28 हजार. समाज आणि भाषा यांतली ही तफावत काही अंशी खरी आहे, घरात भाषा बदलली आहे. पण काही अंशी ती नोंदीतली चूकही असते. प्रगणक मराठीत विचारतो, घरचा माणूस मराठीत उत्तर देतो, आणि मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ पडतं. दुसरीकडे, कुणी ‘कोयतोर’ (गोंड स्वतःला म्हणतात ते नाव) सांगतं, कुणी ‘माडिया’, कुणी ‘गोंडी’, आणि आकडे विखुरतात. 10 हजारांहून कमी बोलणारे असले की ती भाषा छापील तक्त्यात नावाने येतच नाही, ‘इतर’ मध्ये जाते. निहाली त्यामुळेच दिसत नाही. म्हणून प्रगणक आला की मातृभाषेचं नाव स्वतःहून, स्पष्ट सांगावं आणि लिहिलेलं वाचून घ्यावं. मराठी-हिंदी येत असेल तर ती ‘इतर ज्ञात भाषा’ म्हणून सांगायला दोन जागा वेगळ्या असतात. त्यासाठी मातृभाषा सोडायची गरज नाही.

शब्द गोळा करायचे असतील तर

नागपूर-अमरावतीचे विद्यार्थी हल्ली मोबाइल घेऊन गावात जातात, ही चांगली गोष्ट आहे. त्यांच्या कामात नेमक्या काही चुका वारंवार होतात. मराठी वाक्य वाचून ‘याला काय म्हणता’ विचारलं की उत्तर मराठीच्या क्रमाने येतं, भाषेचा स्वतःचा क्रम हरवतो. म्हणून सुटे शब्द वस्तू दाखवून विचारावेत, आणि वाक्यांसाठी काम सांगायला लावावं: भात कसा रांधता, मोहाची फुलं कशी वेचता. 100 शब्दांची यादी पुरते. प्रत्येक शब्द दोनदा म्हणवून घ्यावा, दुसऱ्या वेळचा उच्चार बहुधा जास्त मोकळा असतो. एक वयस्क बाई, एक पुरुष आणि एक तरुण, एवढी तीन माणसं किमान हवीत. बाजारात सतत जाणाऱ्या पुरुषाच्या बोलण्यात उसने शब्द जास्त असतात. ध्वनिफितीच्या सुरुवातीला गाव, तालुका, तारीख आणि भाषेचं लोक जे नाव सांगतात तेच बोलून ठेवावं. आवाज घेण्याआधी परवानगी, आणि नंतर त्याची प्रत गावात परत द्यावी.

लिहिताना देवनागरी जवळजवळ पुरते, पण पूर्ण नाही. कोलामीत ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगळे आहेत, मराठीत हा भेद नाही. ऱ्हस्वासाठी देवनागरीत ऎ आणि ऒ ही अक्षरं आहेत, साध्या मराठी कीबोर्डवर ती सहसा सापडत नाहीत. ती मिळेपर्यंत यादीत बाजूला ‘आखूड’ असं लिहून ठेवलं तरी चालतं. न लिहिता सोडलं तर मात्र नंतर कुणालाच कळत नाही की मूळ उच्चार कोणता होता.

शाळेत याच गोष्टी आणखी जवळून भिडतात. भामरागडचं मूल पहिलीत येतं तेव्हा त्याने मराठी फारशी ऐकलेली नसते. ते लिंगात अडखळतं, ‘त्याने भाकर खाल्ली’ मध्ये क्रियापद भाकरीप्रमाणे का चालतं हे त्याला उमगत नाही, कारण गोंडीत क्रियापद नेहमी करणाऱ्याप्रमाणे चालतं. शिक्षकाला हे माहीत असेल तर ते मूल त्याला मंद वाटणार नाही. पहिले काही महिने उंदी, रंड, मुंड मोजूनच बेरीज शिकवता येते, बेरजेला मराठीची गरज नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळाच सुरू केली. तिथे मूल पहिल्या दिवशी वर्गात येतं, आणि गुरुजी येर म्हणतात तेव्हा त्याला पाणी दिसतं.